डाव्या हाताची मूठ

४ मार्च

मायन्यासाठी तीन कागद फाडले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुम्ही म्हणाल, आता कसलं तीर्थ आणि कसलं रूप. 'मॅडम' लिहिलं तर तुम्ही शिकवायचात त्या शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं दिसतं. म्हणून वरची जागा रिकामीच सोडते. तुम्हाला हवी तशी भरा, नाहीतर राहू द्या.

अक्षर ओळखलं असेल. फोन केला असता तर तुम्ही उचलला नसता, आणि उचलला असता तर मला बोलता आलं नसतं. शिवाय "महत्त्वाचं असेल तर लिहून दे, तोंडी मी काही ऐकत नाही" हे वाक्य तुमची सून म्हणून आठ वर्षं ऐकलं आहे. तेव्हा लिहून देते.

काम छोटं आहे. आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई काम करतात. त्यांना घरातल्या सगळ्यांसाठी मिळून हवेचं पिस्तूल घ्यायचं आहे. खेळण्यातलं नाही, स्पर्धेत वापरतात तसलं. घरातच टार्गेट लावून रविवारी नेमबाजी करायची, असा त्यांचा बेत आहे. मी एके काळी नेम धरायला शिकले होते हे त्यांना कुठून तरी कळलं, आणि त्या माझ्या मागे लागल्या. मला काय येतं? जे येतं ते तुमचं.

दुकानात दोन प्रकार आहेत म्हणे. एकात दर छऱ्याला बाजूची दांडी ओढून हवा दाबायची, दुसऱ्यात पिस्तुलाखालची नळी आधीच हवेनं भरून ठेवायची. घरासाठी कुठलं बरं? वजन किती असावं? आणि एकच पिस्तूल लहान-मोठ्या सगळ्यांना चालतं का? एवढे तीनच प्रश्न.

मी बरी आहे. साडेआठ ते पाच दात घडवते. गेल्या आठवड्यात एका आजोबांची पूर्ण कवळी केली. ती घालून त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर बायकोकडे वळून म्हणाले, "हं, आता बोल."

गोटी अकरा वर्षांची झाली. तुम्ही ठेवलेलं नाव शाळेतही पसरलं आहे, खरं नाव आता फक्त हजेरीपटावर. न्हाणीघराकडे जाताना ती अजून मधल्या दारात थांबते आणि विचारते, "लाइन मोकळी?" तुमच्या घरात बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर होते आणि मधला बोळ ओलांडायचा तर प्रत्येकानं हे विचारायचंच, अगदी पाहुण्यांनीसुद्धा. आमच्या या घरात कधी टार्गेट लागलेलं नाही. तरी ती विचारते. मी "मोकळी" म्हणते. नाही म्हटलं तर तिथेच उभी राहील. स्वभाव कुणाचा घेतलाय ते मी सांगायला नको.

बाकी आपल्यात जे झालं त्याबद्दल आज लिहीत नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल. खरं म्हणजे चालणार नाही, पण तसं लिहायची पद्धत आहे.


२० मार्च

पाकीट हातात आलं तेव्हा मी जिन्यातच बसले. आत पत्र नव्हतं, यादी होती. वर मायना नाही, खाली सही नाही. चला, मायन्याच्या बाबतीत तरी आपण दोघी सारख्याच निघालो.

तुमची यादी मी इथे उतरवून काढते, कारण मूळ कागद गोटीनं तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे आणि मला हात लावू देत नाही.

"१. घराची लांबी टेपने मोज. पावलांनी नको, तुझी पावलं खोटी असतात.
२. भरलेल्या हवेचं घे. दांडी ओढून मुलांचा हात थकतो. थकलेला हात वाईट सवयी शिकतो.
३. वजन नऊशे ग्रॅमच्या वर नको.
४. छर्रे शिशाचे असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, मग खायचं.
५. पिस्तुलात बघायची ती मूठ. बाकी सगळं दुकानदाराचं बोलणं.
६. त्या बाईंची मुलगी अकरा वर्षांची आणि डावखुरी असेल, तर मूठ डावी, सर्वांत लहान मापाची."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर चोरानं स्वतःच कंदील हातात धरला होता. शेजारच्या टेबलावर बाई आहेत, पण त्यांना पिस्तुलाचं काही पडलेलं नाही. त्या लोकर विणतात. पिस्तूल गोटीला हवं आहे.

गोटीच्या शाळेत एकदा नेमबाजीचे प्रशिक्षक आले होते. मुलांनी रांगेनं एक-एक छर्रा मारायचा होता. मी पालकांच्या बाकावर होते. गोटीचा नंबर आला. तिनं पाय जुळवले, उजवा हात खिशात घातला, आणि डावा हात टार्गेटच्या वर नेऊन हळूहळू खाली आणला. हुबेहूब तुम्ही. कुणी शिकवलं नव्हतं. सात वर्षांची होईपर्यंत बोळाच्या टोकाला मांडी घालून बघत बसायची, तेवढंच. प्रशिक्षक म्हणाले, हिला घरी सराव द्या. त्या दिवसापासून माझी सुटका नाही.

टेपनं मोजलं. खिडकीपासून कपड्यांच्या कपाटामागच्या भिंतीपर्यंत आठ मीटर वीस. पावलांनी दहा भरले होते, हे कबूल करते.

मग दुकानात गेलो. दुकानदार पोट सांभाळत पुढे आला. "ताई, भेट द्यायचंय? हे बघा, दिसायला एकदम भारी." गोटी म्हणाली, "काका, दिसायला नको, धरायला हवंय." त्यानं उजव्या मुठीचं पिस्तूल तिच्या डाव्या हातात दिलं. मुठीला अंगठ्यासाठी जो उंचवटा असतो तो तिच्या बोटांत घुसला. डावं एकच होतं, मोठ्या मापाचं, अकराशे ग्रॅमचं. तिनं उचललं, मी मनात आकडे मोजले, सहाव्या आकड्याला टोक हलायला लागलं. तिनं ते खाली ठेवलं: तोंड भिंतीकडे, छर्रा भरायचा खटका उघडा, आणि मग आत छर्रा नाही हे दाखवायला नळीत घालतात ती नारिंगी दोरी मागितली. दुकानदार बघतच राहिला.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"आजीनं."

"मग आजीलाच आणायचं की दुकानात."

"तिच्या घरी मला पाठवायचं नाही, असा कागद आहे," गोटी म्हणाली. सोमवारी दुकान बंद असतं हे सांगावं तशा आवाजात म्हणाली. मी काचेच्या कपाटातले छऱ्यांचे डबे वाचत राहिले.

काही घेतलं नाही. घरी आल्यावर मला ते तीन महिने आठवले. गोटी झाल्यावर मला ताप भरला, तो उतरला पण हातांची थरथर राहिली. कप बशीत ठेवला की वाजायचा. लॅबनं सांगितलं, बरं वाटेपर्यंत येऊ नका. दात घडवणाऱ्या बाईचा हात हलून कसं चालेल. तुमचा मुलगा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "होईल बरं." आणि तुम्ही? दुपारी गोटी झोपली की मला बोळात उभं करायचात. पहिला महिनाभर छर्रा नाही, टार्गेट नाही, समोर कोरी भिंत. मी चिडून विचारलं होतं, "भिंतीवर काय मारायचं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. हात काय करतो ते नुसतं बघ. त्याला रागावू नकोस." तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कप वाजला नाही. आपण दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि तुम्ही म्हणालात, "साखर कमी आहे चहात."

मी तेव्हा आभार मानले नाहीत. घरातल्या माणसाचे आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती. आता आपण परक्या आहोत, तर त्या परकेपणाचा एवढा एक फायदा घेते. मी तुमची फार आभारी आहे. आज माझं घर चालतं ते त्या कोऱ्या भिंतीवर.

एक विचारायचं राहिलं. तुमचं अक्षर असं वेडंवाकडं कधी नव्हतं. बसमध्ये लिहिलंत का? आणि तुमच्याकडे अजून तेच जुनं पिस्तूल आहे ना? गोटी विचारते.


५ एप्रिल

दुसरी यादी मिळाली. आठ मीटर वीस पुरे, टार्गेट त्या मानानं लहान लावायचं, मागे जाड फळी, दाराला आतून कडी, सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मा. हे सगळं करू. चौथं कलम तर मी लॅबमध्ये वाचून दाखवलं: "एक पिस्तूल सगळ्यांना पुरतं. मूठ एका स्क्रूने निघते. पिस्तूल एक घे, मूठ प्रत्येकाची वेगळी कर. सगळ्यांच्या हाताला चालेल अशी मूठ कुणाच्याच हाताला बसत नाही." विणकामवाल्या बाई म्हणाल्या, घरं पण अशीच चालवायला हवीत.

पाचवं कलम मी कुणाला वाचून दाखवलं नाही. "माझं आता नाही. त्या कागदानंतर माझ्या शाळेच्या क्लबला दिलं."

तीस वर्षं तुम्ही रोज सकाळी त्या पिस्तुलानं दहा छर्रे मारत होतात. मला वाटलं होतं, कागद फक्त गोटीपुरता आहे.

तेव्हा आता लिहून दिलंच पाहिजे.

तुमचा मुलगा आणि मी वेगळे झालो त्या कागदपत्रात एक कलम आहे: 'आजीच्या घरी हवेचे पिस्तूल असून ते लहान मुलीच्या हाती दिले जाते, सबब मुलीला त्या घरी पाठवू नये.' तुम्हाला वाटलं असेल की हे वकिलानं घातलं. भाषा त्याची आहे. गोष्ट माझी आहे.

तो कागद लिहिला त्याच्या आदल्या दिवशी बोलणी झाली तेव्हा तुम्ही मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसलात, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "मी त्याची आई आहे, दुसरीकडे कुठे बसणार?" बरोबरच होतं. पण मला आठ वर्षांत असं वाटायला लागलं होतं की तुम्ही माझ्याही आहात. दुसऱ्या दिवशी वकिलानं विचारलं, त्या घरात धोक्याचं काही? मी म्हटलं, पिस्तूल आहे. एवढंच म्हटलं. त्यानं बाकीचं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

'लहान मुलीच्या हाती दिले जाते.' तुम्ही गोटीच्या हाती लाकडाची कोरलेली मूठ द्यायचात, पिस्तूल कधीही नाही. छऱ्यांचा डबा वरच्या फळीवर कुलपात, किल्ली तुमच्या गळ्यातल्या दोऱ्यात. तो दोरा आंघोळीलाही काढत नव्हतात. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी ते कलम दोनदा वाचलं आणि सही केली. ज्या हाताची थरथर घालवायला तुम्ही तीन महिने माझ्यामागे उभ्या राहिलात, त्याच हातानं केली. सही इतकी सरळ आली की वकील म्हणाला, "अक्षर छान आहे तुमचं."

तुमच्या घरी रविवारी प्रत्येकानं दहा छर्रे मारायचे आणि टार्गेटच्या कार्डाच्या मागे तारीख घालून सही करायची असा नियम होता. आपण मारलं त्यावर सही करायचीच, सगळे मधला काळा गोल चुकवून पांढऱ्यात गेले तरी. आणि दुसऱ्यानं मारलेल्या कार्डावर कधीच करायची नाही. मी त्यातला दुसरा नियम मोडला. आज निदान पहिला पाळते.

मी खोट्यावर सही केली. गोटीसाठी तुमच्या घराइतकं सांभाळलेलं घर दुसरं नव्हतं. तुमचं पिस्तूल माझ्यामुळे गेलं, आणि नातीची चार वर्षंही.

हे माझं कार्ड. खाली सही केली आहे.


१७ एप्रिल

सोबत एका कागदाची प्रत जोडली आहे. ते कलम आता रद्द झालं आहे.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर नेला. कारणाच्या जागी मी लिहिलं होतं, 'आधीचे विधान खरे नव्हते.' तो म्हणाला, "बाई, असं कुणी लिहीत नाही. परिस्थिती बदलली, असं लिहा." मी म्हटलं, "परिस्थिती तीच आहे हो. मी खोटं बोलले होते." त्यानं शेजारच्याला बोलावून अर्ज दाखवला. दोघांनी मला नीट बघून घेतलं. मग शिक्का मारला.

तुमच्या मुलाची सही लागत होती. त्याला फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आईला सांगितलंस?" म्हटलं, लिहून दिलंय. त्यानं त्याच दिवशी सही करून पाठवली. त्याचेही आभार मानले. एकदा तोंड उघडलं की सवयच लागते बहुतेक.

कागद रद्द झाला म्हणून तुम्ही यावं, असं मी म्हणत नाही. तुमचा राग तुमच्या जागी आहे. फक्त दाराला आता माझ्या बाजूनं कडी नाही, एवढं कळवायचं होतं.


२९ एप्रिल

यादी आली नाही. गोटी रोज शाळेतून आल्यावर विचारते, "कलमं आली?" मी म्हणते, टपाल उशिरा चालतंय. टपालावर किती दिवस ढकलणार?

पण पिस्तुलाचं कळवायला हवं, कारण निवड तुमची आहे. दुसऱ्या एका दुकानात मिळालं. तिथली मालकीण स्वतः स्पर्धा खेळलेली. तिनं गोटीला काही दाखवायच्या आधी तिचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखला. तेव्हाच मला वाटलं, इथेच घ्यायचं. आठशे पन्नास ग्रॅम, आखूड नळी, भरलेल्या हवेचं, डावी मूठ, सर्वांत लहान माप. गोटीनं उचललं, मी मोजत राहिले, बारापर्यंत टोक हललं नाही. तिनं हवेच्या नळीवर कोरलेली तारीखही वाचून घेतली. दहा वर्षांनी ही नळी बदलायची, असं मालकिणीला तिनंच सांगितलं. मालकीण म्हणाली, "नोकरीला येतेस का?"

मूठ तरीही तळव्याच्या खालच्या बाजूला पोकळ राहत होती. तिथे माझी विद्या कामाला आली. दाताचा ठसा घेतो त्या मसाल्यात गोटीचा पंजा दाबला, त्यावरून साचा केला, आणि लाकडातल्या भेगा बुजवायच्या लांबीनं मुठीवर बरोबर तेवढाच भराव घातला. चार वेळा घासला. लॅबमधले डॉक्टर माझ्या टेबलाशी आले, साचा उचलून वळवून वळवून बघितला आणि म्हणाले, "ही दाढ कुणाची?"

अजून एकही छर्रा मारलेला नाही. महिनाभर कोरी भिंत, हा तुमचा नियम. रोज संध्याकाळी गोटी भिंतीसमोर वीस मिनिटं उभी राहते आणि मी तिच्यामागे. माझ्यामागे कुणी नाही, त्यामुळे मला पाठ उघडी पडल्यासारखी वाटते.

महिना नऊ तारखेला संपतो. काल मी म्हटलं, मग पहिला छर्रा मारू. ती म्हणाली, "पहिला आजी असताना." मी समजावलं की आजी येईलच असं नाही, मोठ्या माणसांच्या मनात खूप गोष्टी असतात. तिनं ऐकून घेतलं. मग परत हात वर नेला आणि म्हणाली, "मग भिंतच."


६ मे

तुमची एक ओळ मिळाली. "रविवारी किती वाजता? गाडी लावायला जागा आहे का?"

दहा वाजता. जागा आहे. नसती तर शेजाऱ्यांची गाडी उचलून बाजूला ठेवली असती.


१३ मे

ती. आईंना,

तुम्हाला गाडीपर्यंत सोडून परत आले तेव्हा गोटी टार्गेटच्या फळीसमोर जमिनीवर बसून छऱ्यांनी पडलेली भोकं मोजत होती. आता ती झोपली आहे की झोपेचं सोंग घेते आहे ते माहीत नाही. मला आजच लिहायचं आहे.

तुम्ही पावणेदहालाच आलात. घंटा वाजवली नाहीत. दार लोटलेलं होतं, तुम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारलंत, "लाइन मोकळी?" मी स्वयंपाकघरात होते, हातात गाळणी. भिंतीसमोरून गोटीनं उत्तर दिलं, "मोकळी." आणि मग ती धावली नाही. आधी पिस्तूल खाली ठेवलं, तोंड भिंतीकडे, खटका उघडला, नारिंगी दोरी घातली, दोन पावलं मागे आली. मग धावली. तुम्हीही तोवर हात पुढे केले नव्हतेत. तिचं सगळं नीट होईपर्यंत दारात थांबून बघत होतात. चार वर्षं जिची वाट बघितली ती समोर असताना. असं घर मी धोक्याचं म्हणून लिहून दिलं होतं.

चहाच्या वेळी मी सुरुवात केली, "आई, त्या कागदाचं..." तुम्ही म्हणालात, "वाचलं मी. लिहून आलंय ना? मग परत तोंडी कशाला?" मी विचारलं, राग होता का. तुम्ही म्हणालात, "चार वर्षं होता की. आता पेलवत नाही. जड वस्तू खाली ठेवायच्या वयात आलेय." मग कप उचललात, आणि बशीत ठेवताना तो वाजला.

मी बघितलं. तुम्हीही मी बघितलेलं बघितलंत. डावा हात टेबलावर ठेवून म्हणालात, "वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, राहणार. लिहायला वेळ लागतो आता, एका ओळीला एक सकाळ."

माझ्या डोक्यात तेव्हा हिशेब सुरू झाला. पहिल्या यादीत सहा कलमं, त्यांच्या ओळी किती. आणि मी विचारलं होतं, बसमध्ये लिहिलंत का. सतरा एप्रिलनंतर मी रोज टपालाला आणि थोडं तुम्हालाही दोष देत होते, तेव्हा तुम्ही 'गाडी लावायला जागा आहे का' एवढं वाचता येईल असं लिहायला कितवा कागद घेत होतात?

गोटीचे दहा तुम्ही बघितलेच. पहिलाच आठच्या घरात गेला तेव्हा तुम्ही तिच्यामागून म्हणालात, "हात काय करतो ते बघ, कुठे लागलं ते नंतर." मी तुमच्यामागे उभी होते. मी नुसती ऐकत होते आणि माझेच हात शांत होत होते.

मग तिनं पिस्तूल तुमच्याकडे दिलं. तुम्ही नको म्हणालात. ती म्हणाली, "आजी, पांढऱ्यात गेलं तरी सही करायची, असा नियम आहे." नियम ज्यानं घातला त्याला कुठे पळता येतं? तुम्ही मारलेत. प्रत्येक छऱ्याला हात वर, हळूहळू खाली, श्वास. सगळं जसंच्या तसं, फक्त टोक थांबत नव्हतं. तीन काळ्यात, पाच पांढऱ्यात, दोन कार्डाबाहेर फळीत. गोटीनं कार्ड काढून आणलं आणि पेन पुढे केलं. त्यात तिनं दया दाखवली नाही. याबद्दल मला तिचा अभिमान वाटला.

आणि तुम्ही माझा ठशाचा मसाला मळून होईपर्यंत थांबलात, त्याबद्दल आभार. "आता या हाताला मूठ कशाला?" म्हणत होतात, पण मी तुमचंच कलम तुम्हाला ऐकवलं: पिस्तूल एक, मूठ प्रत्येकाची वेगळी. तुमचा डावा पंजा मसाल्यात होता आणि त्यावर माझे दोन्ही हात. मसाला घट्ट व्हायला दोन मिनिटं लागतात. पहिलं मिनिटभर तुमचा हात आत हलत होता. मी दाबला नाही, रागावले नाही, नुसती धरून राहिले. ठसा सुटा झाला तेव्हा बघितलं. थरथर त्यात उतरलेली नाही. हात उतरला आहे, करंगळीजवळच्या जुन्या घट्ट्यासकट. मूठ तळव्याला सगळीकडून टेकली की थरथरीला जागा कमी मिळते, असा माझा अंदाज आहे. चुकीचा ठरला तर पुन्हा घासू. लाकूड मी निवडून ठेवलं आहे.

तुम्ही गेल्यावर मी तुमचं कार्ड उलटून बघितलं. तिथे इतकी वर्षं तुमची हजेरीपटावरची आडवी, लफ्फेदार सही असायची. आज तारीख आहे, आणि तिच्याखाली, वर-खाली गेलेल्या अक्षरांत, एकच शब्द: आई.

गोटी तुम्हाला आजी म्हणते. तेव्हा तो शब्द तिच्यासाठी नाही, इतकं मला कळतं.

म्हणून आज वर मायना घातला. एकच कागद लागला.